गाडी लागणाऱ्या बाईची गाडी

१ जून, रविवार

अनुला सोडायला निघालो आणि मी कुशालनगरच्या पुढे गेलेच नाही.

पोरगी पहिल्या नोकरीला चाललेली. मडिकेरीला, कॉफीच्या मळ्यांतली माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. खोली बघायची, घरमालकिणीशी बोलायचं, डबे लावून द्यायचे, सगळं मनात ठरवून ठेवलं होतं. मैसूरपर्यंत दोनदा गाडी थांबवली. हुणसूरला तिसऱ्यांदा. गोळी घेतली ती पहिल्या उलटीनंतर, ती पण बाहेर पडली. कुशालनगरला उतरले तेव्हा धड उभं राहवेना. आणि घाट तर पुढेच.

श्री म्हणाले, "तू इथेच बस. मी हिला पोचवून येतो." अनु म्हणाली, "आई, खरंच नको येऊस. मी फोटो पाठवते."

चहाच्या हॉटेलाबाहेरच्या बाकावर साडेचार तास बसले. फक्त तीस किलोमीटर राहिले होते. हॉटेलवाल्याची बायको दोनदा लिंबूपाणी घेऊन आली, पैसे घेतले नाहीत. फोनवर फोटो येत होते. खिडकी, कॉट, मोरी, मागे डोंगर. खोली चांगली आहे. गादी पातळ वाटते.

येताना गाडीत आम्ही नवरा-बायको दोघंच. श्री बोलत होते, मी डोळे मिटून होते.

५ जून, गुरुवार

शाळा सुरू. नववीला बैजिक राशी. पोरं सुट्टीत सगळं विसरून आलीत.

आज शाळेतून येताना मोजलं, घर ते शाळा एक हजार चारशे पावलं. बावीस वर्षं आमच्या राजाजीनगरातल्या याच शाळेत आहे. लोकांना वाटतं निष्ठा. खरं कारण, ही एकच शाळा होती जिथे बस लागणार नाही. शहराच्या दुसऱ्या भागातल्या जयनगरच्या मोठ्या शाळेने बोलावलं होतं, पगार दीडपट, विभागप्रमुख करणार होते. तेव्हा मेट्रो नव्हती. दोन बसा बदलून जायचं, रोज. नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, मुलगी लहान आहे.

मेट्रो मला चालते. रिक्षा चालते, तोंड वाऱ्याला असलं की. बस आणि मोटार, नाही.

काय काय चुकलं त्याची यादी करायला बसले होते. खोडून टाकली.

८ जून, रविवार

धाकटे दीर प्रकाशभावजी निपाणीहून आले, कामासाठी. जेवताना अनुचा विषय निघाला. "मग पिशवीवहिनी कुठपर्यंत गेल्या?" म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. लग्नाच्या वरातीत माझ्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती, तेव्हापासूनचं नाव आहे. पंचवीस वर्षं.

रात्री अनुचा फोन. बरी आहे. जेवण बरं आहे. महिन्याभराने येते म्हणाली.

श्रींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मला हे का होतं?" म्हणाले, "मनाचा खेळ आहे गं. आधीपासून धास्ती घेतेस."

धास्ती घेते हे खरं आहे. पण आधी काय आलं, धास्ती की उलटी, हे मला चांगलं आठवतं. चार वर्षांची होते. धास्ती म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

१४ जून, शनिवार

मेट्रोने जयनगरला. कानाच्या डॉक्टरीणबाई. शाळेतल्या सुमा टीचरने सांगितलं होतं, पोटाकडे नको, कानाकडे जा.

एवढ्या वयात पहिल्यांदा कुणी नीट समजावून सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. गाडी वळली की त्याला कळतं. डोळे मात्र फोनमध्ये, नाहीतर पुढच्या सीटच्या पाठीवर. ते सांगतात, काहीच हललं नाही. दोघांचं जमत नाही, मधल्या मधे पोटाची फरपट.

"म्हणजे मनाचं नाही?"

"मुळात नाही. भीतीने वाढतं एवढंच."

गोळी निघायच्या आधी घ्यायची, तासभर तरी. मळमळ सुरू झाल्यावर काय उपयोग. पुढे बसायचं. लांबचा रस्ता बघायचा. उपाशी निघायचं नाही आणि पोट तुडुंब भरूनही नाही. मी आजवर काय केलं? उपाशी निघायचं, मागे बसायचं, डोळे खाली घालून पिशवीकडे बघत राहायचं. एकूण एक उलटं.

उठताना सहज विचारलं, "ड्रायव्हरला का लागत नाही हो?"

बाई हसल्या. "तो वळायच्या आधीच त्याच्या शरीराला माहीत असतं ना, आता वळणार आहे. माझी बहीण तुमच्यासारखीच. स्वतः चालवते तेव्हा ठणठणीत." मग लगेच, "पण चालवायचं असेल त्या दिवशी गोळी घ्यायची नाही हं. झोप येते."

परतीच्या मेट्रोत दोन स्टेशनं पुढे गेले. उतरायचं भानच नव्हतं.

१५ जून, रविवार

श्रींना सांगितलं, मी गाडी शिकणार.

"तू?" आणि हसले. वाईट हेतूने नाही, तसा माणूस नाही. पण हसले. "आधी शेजारी बसायला शिक."

मी पोळ्या लाटत होते. एक पोळी करपली.

२० जून, शुक्रवार

लर्निंग लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर दिली. सगळी उत्तरं बरोबर. गणिताची बाई आहे, चिन्हांना घाबरत नाही.

ड्रायव्हिंग स्कूल घरापासून तिसऱ्या चौकात. शिकवणारी बाई आहे, भाग्यक्का. साठीला आलेली, कपाळावर मोठं कुंकू, पायात कॅनव्हासचे बूट. आधी बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवायची. मी सगळं खरं सांगून टाकलं, उलटीचं. म्हणाली, "टीचर, माझ्या व्हॅनमध्ये रोज दोन पोरं ओकायची. मला काय नवीन?"

सोमवारपासून सकाळी सहाला.

२३ जून, सोमवार

पहिला दिवस. सात वेळा गाडी बंद पडली. एकदा चौकाच्या बरोबर मधोमध, मागे सिटी बस. बसचा हॉर्न पाठीच्या मणक्यातून गेला. भाग्यक्का खिडकीतून हात काढून बसवाल्यालाच ओरडली. मला म्हणाली, "स्वल्प निधान, टीचर, जरा हळू. गडबड कुणाला आहे? त्याला. आपल्याला नाही."

ब्लाउज घामाने पाठीला चिकटला.

घरी येऊन चहा ठेवला. चहा उकळताना एकदम लक्षात आलं. चाळीस मिनिटं मोटारीत होते. पोटात काहीही नाही. मळमळसुद्धा नाही.

गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

२ जुलै, बुधवार

रोज जाते. आता दिवसाला एकदा बंद पडते. तिसऱ्या गिअरपर्यंत गेले. भाग्यक्का शाबासकी देत नाही, फक्त "सरी" म्हणते, म्हणजे ठीक आहे. आज तीनदा म्हणाली.

श्री गच्चीतून बघत असतात, मला माहीत आहे. विचारत काही नाहीत.

अनुला सांगितलेलं नाही. जमलं नाही तर? ती येणार होती या रविवारी. काम आहे म्हणाली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

लायसन्सची परीक्षा. नापास.

आठच्या आकड्यात गाडी फिरवताना मागचं चाक रेघेला लागलं. साहेबांनी वर न बघता शेरा मारला. माझ्या पुढे अठरा वर्षांचा पोरगा, तो पास. मी आजवर हजारभर मुलांना नापास केलं असेल. आज कळलं, तो लाल शेरा घेऊन फाटकापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो.

भाग्यक्का बाहेर थांबली होती. तिने कागद बघितला, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. "आठ मोठा असतो तेव्हा सोपा. आपण लहान काढू या." मैदानात विटा मांडून पुढचे दहा दिवस लहान आठ.

श्रींना सांगितलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "आरसा जरा खाली कर. मागचं चाक दिसलं पाहिजे." पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पास.

साहेबांनी विचारलं, वय? म्हटलं एकोणपन्नास. म्हणाले, आता कशाला शिकता? म्हटलं, मुलीकडे जायचंय.

संध्याकाळी श्रींनी आमच्या गाडीची किल्ली टेबलावर माझ्या चष्म्याशेजारी ठेवली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. अनु आली नाही. तिसऱ्यांदा. "रजा नाही आई." मोदक कुरिअर होत नाहीत. फोटो पाठवला, तिने रडका चेहरा पाठवला.

प्रयोगशाळा गणपतीला बंद असते, हे मला घरमालकिणीच्या फोनवरून कळलं. ती सहज बोलून गेली, मी काही विचारलं नाही. अनु खोटं का बोलली? मनात फार येऊन गेलं. कुणी मुलगा वगैरे. असेल तर असू दे, पण सांगेल ना.

१४ सप्टेंबर, रविवार

नंदी बेट्टच्या डोंगरावर. भाग्यक्का आणि मी, पहाटे पाचला निघालो, तिचीच गाडी.

हे सविस्तर लिहायचं आहे.

चढताना मी. पहिल्या वळणाला मुठी आवळल्या होत्या. भाग्यक्का म्हणाली, "बॉनेटकडे नको बघू. रस्ता जिथे जाणार आहे तिथे बघ." बघितलं. वळण यायच्या आधी मान वळते, मग हात, मग गाडी. आपणच गाडीला वळवतो, गाडी आपल्याला नाही. एवढंच होतं का ते? एवढी वर्षं? वर पोचले तेव्हा ढग रस्त्यावर उतरलेले. मी गाडी लावली, उतरले, दोन इडल्या खाल्ल्या. घाट चढून आल्यावर इडली खाणारी मी!

मग मीच म्हटलं, उतरताना तू चालव, मी शेजारी बसते. भाग्यक्काने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, बघू तर दे. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच. रस्ता तोच, गाडी तीच, पोट तेच. मुलांना असंच तर शिकवते.

सहाव्या वळणाला दोन्ही इडल्या बाहेर.

कठड्यावर बसले आणि हसू फुटलं. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि हसू. भाग्यक्काला वाटलं, चक्कर आली. म्हटलं, अगं नाही, सिद्ध झालं! मी भित्री नाही. मनाची कमजोर नाही. मला फक्त चुकीच्या सीटवर बसवलं होतं.

उरलेल्या घाटातून गाडी मी उतरवली.

२० सप्टेंबर, शनिवार

दसऱ्याच्या सुट्टीत मडिकेरीला जायचं ठरवलं. गर्दी ओसरल्यावर, ४ तारखेला. श्री म्हणाले, "मैसूरपर्यंत तू, पुढे मी." मी म्हटलं, बघू.

अनुला फक्त एवढंच सांगितलं की आम्ही दोघं येतोय. ती लगेच, "आई, तुला त्रास होईल गं. कशाला?" म्हटलं, होऊ दे. तिने विषयच बदलला. तिला आम्ही यायला नको आहोत का?

४ ऑक्टोबर, शनिवार. मडिकेरी

मडिकेरी! मुद्दाम वर लिहिलं.

सकाळी साडेपाचला राजाजीनगर सोडलं. गोळी अर्थातच नाही. एक पोळी, थोडा गूळ, पाणी. मैसूर आलं, श्रींनी काही म्हटलं नाही. हुणसूर गेलं. कुशालनगरला मी गाडी त्याच हॉटेलासमोर लावली. हॉटेलवाल्याच्या बायकोने ओळखलं. "अय्यो, पुन्हा इथेच बसणार?" म्हटलं, नाही, चहा पिऊन वर जाणार. ती गाडीकडे बघते, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघते. चहात आलं जास्त घातलं तिने.

श्रींनी हात पुढे केला. "दे आता. घाट आहे."

"नाही."

"वसुधा, हट्ट नको. रस्ता ओला आहे."

"ओला आहे म्हणून हळू जाईन. तुम्ही बसा."

पंचवीस वर्षांत मी त्यांना असं सरळ नाही कधी म्हटलं असेल, आठवत नाही. ते डावीकडे जाऊन बसले. दार जरा जोरात लावलं.

सुंटीकोप्पाच्या पुढे वळणं सुरू झाली. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. समोरून लाकडाचा ट्रक आला, बाजूला घेतलं, जाऊ दिलं, पुन्हा रस्त्यावर. दोन्ही बाजूंना कॉफी, तिच्यावर उंच झाडं, झाडांवर मिऱ्यांचे वेल. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. घाट इतका सुंदर असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं, माझं डोकं पिशवीत.

श्री आधी सूचना देत होते. हॉर्न दे. डावीकडे घे. मग फोनवर नकाशा बघायला लागले. मग सूचना थांबल्या. मला वाटलं, पटलं असेल.

"जरा काच खाली कर," म्हणाले. थोड्या वेळाने, "किती राहिलं?" आवाज ओळखू येईना. नीट बघायला उसंत नव्हती, पण तो आवाज मला ठाऊक आहे. तो माझाच आवाज आहे.

"थांबव. थांबव, थांबव."

जागा बघून थांबवली. दार उघडून ते तसेच खाली बसले, मळ्याच्या तारेला धरून.

खरं लिहायचं तर, आधी आनंद झाला. क्षणभरच. लगेच लाज वाटली. मग कामाला लागले. पाठ नाही चोळली, मला कुणी पाठ चोळली की जास्त होतं. पाण्याची बाटली हातात दिली, चूळ भरायला सांगितलं, ओला रुमाल मानेवर ठेवला. काही बोलले नाही. अशा वेळी कुणी बोलू नये, हे माझ्याइतकं कुणाला माहीत.

दहा मिनिटांनी त्यांनी वर बघितलं. चेहरा पांढराफटक. "हे असं होतं तुला? दर वेळी?"

"हो."

"आणि मी म्हणायचो मनाचं आहे."

मी म्हटलं, "फोन खिशात ठेवा. सीट ताठ करा. लांब बघा, ते वळण दिसतंय ना, तिथे. वळण आलं की मी आधी सांगेन."

मग वरपर्यंत सांगत गेले. आता उजवीकडे. आता डावीकडे, मोठं आहे. आता सरळ. ते निमूट ऐकत होते. पुन्हा झालं नाही त्यांना.

फाटकात अनु उभी. ती डाव्या बाजूला धावली, पिशवी घेऊन! मला आधार द्यायला. दार उघडून बघते तर अप्पा. मी उजवीकडून उतरले, साडी नीट केली, दार लावलं.

"आई, तू?"

मी किल्ली दाखवली. पोरगी तिथेच रस्त्यात रडायला लागली.

गादी खरंच पातळ आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

अनुचं कळलं.

सकाळी श्री झोपलेले, आम्ही दोघी पायरीवर कॉफी घेऊन. म्हणाली, "काल अप्पांना झालं ते सांगताना तू हसली नाहीस."

"कशाला हसू?"

"तुला तर सगळे हसतात. मी पण हसायचे." मग खाली बघून म्हणाली, "आई, मलाही लागते."

लहानपणी लागायची नाही. इथे आल्यावर सुरू झालं. मळ्यात जायचं ते जीपने, मागे आडव्या बाकावर बसून, मातीच्या वाटा. पहिल्याच आठवड्यात तिघांसमोर ओकली. कुणीतरी नक्कल केली. तेव्हापासून काहीतरी कारण काढून प्रयोगशाळेतच थांबते. साहेबांना वाटतं, मुलगी आळशी आहे, चिखल नको हिला. डिसेंबरात कायम करायचं की नाही ते ठरणार, आणि मळ्यावरच्या कामाचा रकाना रिकामा. घरी येत नव्हती ते याच घाटामुळे. गणपतीला बसस्टँडवर जाऊन परत फिरली.

"सांगितलं का नाहीस?"

"पिशवीवहिनीची मुलगी म्हणाले असते."

मी हसण्यावारी नेत राहिले, म्हणून तिला वाटलं हे हसण्यासारखंच आहे. चूक माझी पण आहे.

डोळे पुसले आणि तिच्याकडे वहीतलं पान फाडून मागितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं लिहून दिलं. सगळ्यात वर लिहिलं: जीपमध्ये पुढे बसायचं, ड्रायव्हरशेजारी, आणि ते मागून घ्यायचं. "मला गाडी लागते, मी पुढे बसणार," असं स्पष्ट सांगायचं. लाजायचं नाही. अनु म्हणाली, "हे सगळ्यात अवघड आहे." मी म्हटलं, "मला एकोणपन्नास वर्षं लागली. तुला आठवडा देते."

परत येताना घाटातून गाडी मीच उतरवली. श्रींनी निघायच्या तासभर आधी गोळी मागून घेतली. मैसूरपर्यंत घोरत होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

अनुचा मेसेज: "पुढे बसले. सांगितलं. ड्रायव्हर अण्णा म्हणाले, माझ्या बायकोला पण लागते. दोन मळे झाले. तिसऱ्यात थोडं झालं, पण उतरून नमुने घेतले."

मेसेज चार वेळा वाचला. दहावीच्या वर्गात शिरले ती हसत. पोरं घाबरली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. अनु आली होती, एकटी, बसने! ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी, तासभर आधी गोळी, कानात गाणी, फोन पर्समध्ये. पांढरी पडली होती, पण पिशवी कोरी.

प्रकाशभावजी निपाणीहून सहकुटुंब. फराळाला बसले आणि सुरू, "काय पिशवीवहिनी, ऐकलं गाडी घेऊन..." पुढे काही बोलायच्या आत श्री म्हणाले, "प्रकाश, ते नाव आता बंद."

मग स्वतःच सांगून टाकलं.

"सुंटीकोप्पाच्या पुढे मी ओकलो. मी. आणि ही ओल्या घाटात गाडी चालवत होती. एकदाही चुकली नाही. तुला नाव ठेवायचंच असेल तर मला ठेव."

भावजींनी चकली खाली ठेवली. "खरं की काय, वहिनी?" म्हटलं, खरं आहे, पण त्यांना नावबिव ठेवू नका. त्यांच्या बायकोने हळूच विचारलं, शिकायला किती दिवस लागतात?

स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचे कप दोनदा धुतले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अनु कायम झाली. साहेबांनी लिहिलंय, मळ्यावरचं काम "सुधारत आहे." उत्तम नाही, सुधारत आहे. मी आजवर प्रगतिपुस्तकात कितीजणांना हे शब्द लिहिले. यापुढे विचार करून लिहीन, फार मोठे शब्द आहेत ते.

अजून तिला अधूनमधून लागते. गेल्या आठवड्यात दोनदा. सांगते मात्र. लपवत नाही.

तिथेच गाडी शिकायला लागली आहे. मला विचारलंसुद्धा नाही, लायसन्सच्या परीक्षेची तारीख आल्यावर सांगितलं. माझीच आहे.

शाळेत दहावीच्या सहलीला सोबत कोण, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. बावीस वर्षं मी त्या वेळी खिडकीबाहेर बघते. आज हात वर केला. बसने. मी चालवणार नाही, हे ठाऊक आहे. तरी केला. पहिली सीट आणि ज्यांना लागते ती सगळी पोरं माझ्याजवळ, एवढ्या अटीवर. सुमा टीचर म्हणाली, आठ निघाली. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

१० जानेवारी, शनिवार

सहलीहून परत. आठांपैकी सहा कोरडी. मी? जाताना कोरडी, येताना नाही. आठवीतली नेत्रा म्हणून मुलगी, बहिणीबरोबर आली होती, तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि काही बोलली नाही. जाताना मी पोरांचं करत होते ते बघून बरोबर शिकली.

वाईट वाटलं नाही. हे नवीन आहे.

१८ जानेवारी, रविवार

अनु पास झाली लायसन्सला. पहिल्या फटक्यात. माझ्यापेक्षा सरस. फोनवर ओरडत होती, मागे घरमालकीण पण ओरडत होती.

मग म्हणाली, "आई, फेब्रुवारीत तू ये. कुशालनगरपर्यंत तू चालव. तिथून वर मी चालवते. तू डावीकडे बसशील?"

डावीकडे. घाटात. गोळी घेता येणार नाही, कारण कुशालनगरपर्यंत मी चालवणार. आणि तिच्याशेजारी अख्खा घाट डोळे मिटून, पिशवी धरून बसायचं नाहीये मला. मला तिचे हात बघायचे आहेत स्टिअरिंगवरचे. पण हात बघितले की नजर आत येणार. लांब बघायचं, हे मीच तिला लिहून दिलंय.

श्री म्हणतात, मी येतो, मी बसतो पुढे, तू मागे. मागे? मेलेच मग.

"आई, आहेस ना?"

म्हटलं, "वळण यायच्या आधी सांगत जा मला."

"म्हणजे हो?"

रेंज गेली तिकडची. फोन पुन्हा लावते आहे.